पांढऱ्या काचेखालचे लोखंड

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या घरांच्या स्वयंपाकघरांत खिडकीखाली जे पांढरे, जड, रुंद काठाचे सिंक आढळते, आणि ज्याच्या एका किंवा दोन्ही अंगांना भांडी निथळत ठेवण्यासाठी पन्हळी पाडलेला उतार असतो, त्याला सर्रास चिनीमातीचे म्हटले जात असले, तरी बहुतेक वेळा ते चिनीमातीचे नसते. ते ओतीव लोखंडाचे असते आणि त्याच्या पृष्ठभागावर सुमारे एक-दोन मिलिमीटर जाडीचा काचेचा थर वितळवून बसवलेला असतो. या थराला एनॅमल म्हणतात. गंजाचा तपकिरी ओघळ, चहाचा काळसर पट्टा, ॲल्युमिनियमच्या पातेल्यांनी उमटवलेल्या करड्या रेघा आणि हळदीचा पिवळेपणा या सगळ्यांचा मुक्काम याच थरावर, किंवा दुर्दैवाने थराच्या आत, असतो. अशा सिंकवरचे जे डाग कशानेच जात नाहीत, त्यांच्यापैकी बरेचसे डागाच्या चिवटपणामुळे नव्हे, तर डाग धरून ठेवणारा पृष्ठभाग आधीच्या अनेक वर्षांच्या घासण्याने खरबरीत झाल्यामुळे टिकून राहतात, ही गोष्ट एकदा लक्षात आली की सफाईचा सगळा विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो.

एनॅमल तयार करण्याची रीत या विचाराच्या मुळाशी आहे. गारगोटीची वाळू, फेल्डस्पार नावाचे खनिज, टाकणखार, सोडा आणि काचेला अपारदर्शक पांढरेपणा देणारी कथलाची किंवा अँटिमनीची संयुगे एकत्र वितळवून तो रस पाण्यात ओतला, की त्याचे तडकून बारीक तुकडे होतात. या तुकड्यांना फ्रिट म्हणतात. फ्रिट दळून त्याचे पीठ करतात, ओतीव लोखंडाचे भांडे भट्टीत लालबुंद तापवतात आणि ते बाहेर काढून गरम असतानाच त्यावर चाळणीने हे पीठ भुरभुरतात. पीठ जागच्या जागी वितळते, भांडे पुन्हा भट्टीत जाते, पुन्हा पीठ भुरभुरले जाते, आणि असे काही फेरे झाल्यावर लोखंडाला काचेचे सलग कवच चढते. विस्कॉन्सिन राज्यातील शेबॉयगन गावी ओतशाळा चालवणाऱ्या जॉन मायकेल कोहलर यांनी १८८३ मध्ये जनावरांना पाणी पाजण्याच्या ओतीव लोखंडी डोणीवर असाच मुलामा चढवला आणि चार पाय जोडले तर ती आंघोळीचा टब म्हणून वापरता येईल अशी जाहिरात केली. ती पहिली डोण एका शेतकऱ्याने एक गाय आणि चौदा कोंबड्या देऊन घेतली, असे कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. पिट्सबर्ग येथे १८९९ मध्ये अनेक कारखाने एकत्र येऊन स्थापन झालेली स्टँडर्ड सॅनिटरी मॅन्युफॅक्चरिंग कंपनी ही या धंद्यातील दुसरी बलाढ्य कंपनी होती, आणि तीच पुढे अमेरिकन स्टँडर्ड या नावाने ओळखली जाऊ लागली. खऱ्या अर्थाने मातीची म्हणता येतील अशी स्वच्छतागृहाची भांडी न्यू जर्सीतील ट्रेंटनच्या कुंभारकामाच्या कारखान्यांतून निघत, तर जाड भाजलेल्या मातीचे खोल सिंक हा मुख्यतः इंग्लंडचा, विशेषतः लँकेशायरचा, वारसा होता.

घरातील सिंक यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे हे ठरवायला साधे लोहचुंबक पुरते. ते बाहेरच्या किंवा खालच्या अंगाला चिकटले तर आत लोखंड किंवा पोलाद आहे, घसरले तर माती आहे. फरक महत्त्वाचा अशासाठी, की मातीचे भांडे सच्छिद्र असते आणि त्यावरच्या चकाकीला केसासारख्या भेगा पडल्या असतील तर चहा, तेल आणि मसाल्याचे पाणी त्या भेगांतून आत झिरपते. असा डाग वरून कितीही घासला तरी जात नाही, त्याला आतून बाहेर ओढून काढावे लागते. लोखंडी सिंकमध्ये डाग वरच्या काचेवरच असतो. मात्र काचेचा टवका उडाला असेल, तर तिथे पाणी लोखंडापर्यंत पोचते आणि गंज रोज नव्याने तयार होतो. अनेक जुन्या लोखंडी सिंकच्या पालथ्या बाजूला कारखान्याचे चिन्ह आणि ओतकामाची तारीख उठावदार अक्षरांत असते. ती वाचण्यासाठी विजेरी घेऊन खालच्या कपाटात डोके घालावे लागले तरी तेवढे कष्ट घ्यावेत, कारण सिंकवर काय वापरता येईल हे बरेचसे त्या तारखेवर ठरते.

याचे कारण आम्लाशी निगडित आहे. सुरुवातीच्या काळातील एनॅमल आम्लापुढे टिकत नसे. लिंबाचा रस, व्हिनेगर, टोमॅटोचे पाणी यांचा अंमल बसला, की काचेतील सोड्यासारखे घटक विरघळून निघून जात, चकाकी मरे आणि त्या जागी मंद, सूक्ष्म खळग्यांचा पृष्ठभाग उरे. आम्लरोधक एनॅमलच्या जाहिराती १९३० च्या दशकात ठळकपणे होऊ लागल्या, म्हणजेच त्यापूर्वीचे सिंक आम्लाला सोसणारे नाही असे धरून चालणेच शहाणपणाचे ठरते. एनॅमलची आम्लसहनशीलता मोजण्यासाठी अमेरिकेत जी प्रमाणित चाचणी वापरली जाते, तिच्यात १० टक्के सायट्रिक आम्लाचा थेंब पृष्ठभागावर १५ मिनिटे ठेवतात आणि नंतर पुसून खुणेचा कस पाहतात. लिंबाच्या रसात सुमारे ५ ते ६ टक्के सायट्रिक आम्ल असते, आणि दुकानातल्या साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ टक्के ॲसिटिक आम्ल. तेव्हा जुन्या सिंकवर लिंबाची फोड रात्रभर ठेवणे किंवा व्हिनेगरने भिजवलेला कागद तासन्‌तास चिकटवून ठेवणे हे घरगुती उपाय कितीही निरुपद्रवी वाटले, तरी ते प्रयोगशाळेतील परीक्षेच्या साधारण निम्म्या तीव्रतेने, पण कित्येक पट अधिक वेळ, त्या काचेची परीक्षा घेत असतात.

इथे मराठी घरांतील एका सवयीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलल्यानंतर महाराष्ट्रातून तिथे गेलेल्या कुटुंबांनी देवघरातील समई, ताम्हन, पळी-पंचपात्र आणि तांब्याचा तांब्या सोबत नेला, आणि ही भांडी उजळायची रीतही नेली. ही रीत चिंचेची किंवा लिंबू-मिठाची. तांब्यावरचा काळा थर म्हणजे तांब्याचे ऑक्साइड. चिंचेतील टार्टारिक आम्ल ते विरघळवते, म्हणून तांबे लख्ख होते. पण भांडे सिंकमध्ये ठेवून चिंचेचा कोळ चोळला, तर जे आम्ल तांब्याला उजळते तेच जुन्या एनॅमलला बोथट करते, आणि विरघळलेल्या तांब्याचे क्षार त्या खळग्यांत जाऊन हिरवट डाग सोडतात. ही सवय सोडण्याचे काही कारण नाही. प्लॅस्टिकच्या टबात किंवा स्टीलच्या परातीत तेच काम तितकेच नीट होते. जुने सिंक ज्या घरात आहे त्या घरात दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एवढी एक गोष्ट पाळली, तरी त्या सिंकचे आयुष्य पुष्कळ वाढेल.

पृष्ठभाग शाबूत आहे की खरबरीत झाला आहे, हे पाहण्याची एक सोपी रीत प्रयोगशाळेतूनच घेता येते. सिंकचा तो भाग धुऊन पूर्ण कोरडा करावा, त्यावर मऊ शिसपेन्सिलीने एक रेघ ओढावी आणि ती कोरड्या फडक्याने पुसावी. रेघ सहज निघाली तर काच अजून गुळगुळीत आहे. ओल्या फडक्याने घासल्यावरच निघाली तर आम्लाने किंवा घासण्याने काचेला सूक्ष्म खळगे पडले आहेत; आणि ओल्या फडक्यानेही निघाली नाही, तर शिसपेन्सिलीचे ग्राफाइट ज्या खळग्यांत जाऊन बसले त्यांतच उद्याचा चहाही जाऊन बसणार आहे. शेजारी-शेजारी दोन ठिकाणी, म्हणजे काठावर आणि पाणी जाण्याच्या छिद्राजवळ, ही रेघ ओढून पाहिली तर फरक डोळ्यांना दिसतो: काठावर ती एका पुसण्यात नाहीशी होते आणि छिद्राभोवती ती करड्या सावलीसारखी मागे उरते.

हे खळगे पडतात कसे, याचे उत्तर अमेरिकेतील घासण्याच्या पावडरींच्या इतिहासात सापडते. मोहस् श्रेणी नावाच्या मोजपट्टीवर खनिजांचे काठिण्य १ ते १० या अंकांत मांडले जाते. तिच्यात कॅल्साइट म्हणजे चुनखडीतील मुख्य खनिज ३ वर, फेल्डस्पार ६ वर आणि क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी ७ वर आहे. काचेचे काठिण्य साधारण ५ ते ६ च्या दरम्यान येते. जो पदार्थ काचेहून कठीण असतो तो तिच्यावर ओरखडे पाडतो, आणि म्हणून गारगोटीच्या पिठाने घासलेले एनॅमल प्रत्येक वेळी थोडे थोडे झिजते. कनेक्टिकटमधील मँचेस्टर येथे १८८६ मध्ये बाजारात आलेल्या ‘बॉन अमी’ची गोष्ट इथेच सुरू होते. त्या काळी घासण्याच्या वड्यांसाठी गारगोटी दळली जाई आणि खाणीत तिच्यासोबत निघणारे फेल्डस्पार टाकाऊ म्हणून वेगळे काढून फेकले जाई. या टाकाऊ, किंचित मऊ खनिजाचाच वापर करून ही नवी साबणवडी तयार झाली, आणि ओरखडा न पाडण्याच्या दाव्याचे चिन्ह म्हणून अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले, अजून माती उकरू न लागलेले कोंबडीचे पिल्लू तिच्या वेष्टनावर आले. आज या कंपनीच्या नेहमीच्या पावडरीत फेल्डस्पारबरोबर त्याहूनही मऊ अशी चुनखडी असते.

परंतु सगळ्या पावडरी या वाटेने गेल्या नाहीत. मांसाचा मोठा व्यापार करणाऱ्या कडाही कंपनीने १९०५ मध्ये आणलेल्या ‘ओल्ड डच क्लीन्झर’चा आधार ज्वालामुखीची राख हा होता; ही राख म्हणजे निसर्गाने तयार केलेली काचच, आणि तिचे कण धारदार असतात. या कंपनीसाठी राख काढणारी एक खाण कॅलिफोर्नियातील लास्ट चान्स कॅन्यनमध्ये होती. कोलगेट-पामोलिव्हची ‘एजॅक्स’ १९४७ मध्ये, तर प्रॉक्टर अँड गॅम्बलची ‘कॉमेट’ १९५६ मध्ये आली, आणि पावडरीत क्लोरीनचे ब्लीच मिसळल्यामुळे डाग डोळ्यांदेखत पांढरा होतो याचे आकर्षण घरोघरी पोचले. जोसेफिन नावाची नळदुरुस्ती करणारी बाई सिंकमधले डाग घालवून दाखवते ही ‘कॉमेट’ची दूरदर्शनवरील जाहिरात १९६० च्या दशकात जेन विदर्स या अभिनेत्रीमुळे अतिशय लोकप्रिय झाली. पन्नास-साठ वर्षे रोज जोराने घासले गेलेले सिंक आज ज्यांच्या वाट्याला येते, त्यांना त्या काळच्या स्वच्छतेच्या आग्रहाची किंमत मोजावी लागते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. तारेची घासणी तर दुहेरी नुकसान करते: ती ओरखडे पाडते, आणि तिचे तुटलेले बारीक तुकडे ओलसर सिंकमध्ये रात्रभर पडून राहिले तर सकाळी गंजाचे ठिपके उमटलेले असतात.

डागांचे मूळ अनेकदा पाण्यात असते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या वर्गवारीनुसार लिटरमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम कार्बोनेट असलेले पाणी मृदू, १२१ ते १८० मिलिग्रॅमचे जड आणि त्याहून अधिकचे अतिजड मानले जाते. टेक्सास, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ॲरिझोना येथील पाणी जड असते, त्यामुळे तिथल्या सिंकमध्ये खडबडीत पांढरा थर साचतो आणि त्या थरात चहाचा व मसाल्याचा रंग मुरतो. म्हणजे काढायचा असतो तो क्षार, आणि तो निघाला की रंग आपोआप जातो. न्यू इंग्लंडमध्ये याच्या उलट पाणी मृदू आणि काही ठिकाणी किंचित आम्लधर्मी असते. ते तांब्याच्या नळ्यांना हळूहळू खाते आणि गळक्या तोटीखाली निळसर-हिरवा ओघळ सोडते. विहिरीच्या पाण्यात लोह आणि मँगनीज असते तिथे तपकिरी आणि काळे डाग पडतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने चव, रंग आणि डाग यांसाठी सुचवलेली मर्यादा लोहासाठी लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम आणि मँगनीजसाठी केवळ ०.०५ मिलिग्रॅम आहे, यावरून डाग पडायला किती थोडा धातू पुरतो हे कळते. गळकी तोटी तशीच ठेवून तिच्याखालचा ओघळ घासत राहण्यात काहीच अर्थ नसतो. तोटीतला रबरी वायसर आधी बदलावा.

अमेरिकेत ऐतिहासिक वास्तूंच्या दुरुस्तीसाठी अंतर्गत (इंटीरियर) खात्याने १९७७ मध्ये जी मानके प्रसिद्ध केली, त्यांच्यात सफाईसाठी रासायनिक किंवा यांत्रिक उपाय करायचाच झाला तर शक्य तितका सौम्य करावा असे सांगितले आहे. हे मानक विटा आणि दगड डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले असले, तरी स्वयंपाकघरातील काचेलाही ते तंतोतंत लागू पडते. सौम्य उपायाची सुरुवात भांडी घासण्याच्या पातळ साबणाने आणि कोमट पाण्याने होते, कारण पुष्कळ डागांवर तेलाचा पातळ पापुद्रा असतो आणि तो निघाल्याशिवाय पुढचे काहीच डागापर्यंत पोचत नाही. त्यानंतर खाण्याचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन चोळावा. सोड्याचे कण काचेहून पुष्कळ मऊ असल्याने ओरखड्याची भीती नसते.

चहा-कॉफीच्या डागांत टॅनिन असते आणि ते ऑक्सिजनच्या ब्लीचने, म्हणजे सोडियम परकार्बोनेटने, सहज जाते. ही पांढरी भुकटी गरम पाण्यात विरघळली की हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर पडते. सिंकचे छिद्र बंद करून त्यात गरम पाणी आणि ही भुकटी घालून तासभर ठेवले, की घासण्याची गरज क्वचितच पडते. मातीच्या सिंकमधील भेगांत मुरलेल्या डागासाठी हेच द्रावण कागदी रुमालांत भिजवून त्यांचा जाड थर डागावर लावावा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद टाकावा आणि रात्रभर ठेवावा. द्रावण भेगांत शिरते, रंग फिका करते आणि सुकताना काही अंश वर ओढून घेते.

हळदीच्या डागाची गंमत वेगळी आहे आणि ती मराठी वाचकाला लगेच उमजेल. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लारीच्या संपर्कात आले की लाल होते. हळदीत चुना मिसळून कुंकू तयार करण्यामागे हेच कारण आहे. त्यामुळे पिवळ्या डागावर सोडा टाकताच तो लालसर झाला तर घाबरून जाऊ नये, डाग वाढलेला नसतो. किंबहुना आम्लारीयुक्त पाण्यात कर्क्युमिन फार काळ टिकत नाही आणि उजेडातही ते मोडते. म्हणून सिंक धुऊन ओले ठेवावे आणि खिडकीचे पडदे उघडावेत. जुन्या घरांत सिंक खिडकीखाली असण्याचा हा अनपेक्षित लाभ दोन-तीन दुपारींत दिसून येतो.

गंजासाठी मात्र आम्लाशिवाय इलाज नाही, आणि ब्लीच तर मुळीच वापरू नये, कारण ब्लीच लोहाचे ऑक्सिडीकरण करते व डाग अधिक पक्का बसतो. इंडियानापोलिस येथील जॉर्ज विल्यम हॉफमन या रसायनतज्ज्ञाने १८८२ मध्ये तयार केलेली ‘बार कीपर्स फ्रेंड’ ही पावडर या कामासाठी आजही मिळते. ऱ्हुबार्ब नावाच्या आंबट देठांची भाजी शिजवल्यावर काळवंडलेले पातेले उजळलेले त्याने पाहिले आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे दारूच्या गुत्त्यांतील पितळी नळ्या आणि पट्ट्या तिने साफ होऊ लागल्या, म्हणून तिला ते नाव पडले. या देठांत ऑक्झॅलिक आम्ल असते. आपल्याकडे अळूच्या पानांमुळे घशाला खाज सुटते ती याच आम्लाच्या कॅल्शियमशी झालेल्या संयुगाच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि अळूच्या फदफद्यात पडणाऱ्या आंबट चुक्याच्या आंबटपणातही हेच आम्ल आहे. ऑक्झॅलिक आम्ल लोहाला धरून पाण्यात विरघळणारे संयुग बनवते आणि गंज धुऊन जातो. पातेल्यांच्या करड्या रेघाही, ज्या म्हणजे काचेच्या खळग्यांत अडकलेला धातूच असतो, या पावडरीने निघतात. पण ऑक्झॅलिक आम्ल व्हिनेगरपेक्षा बरेच तीव्र आहे, तेव्हा ते एक मिनिटाहून अधिक ठेवू नये, हातमोजे घालावेत, भरपूर पाण्याने धुवावे आणि एकदा न गेलेल्या डागासाठी वेळ वाढवण्याऐवजी दुसऱ्या दिवशी पुन्हा एक मिनिट द्यावे. ब्लीच असलेली पावडर आणि ही पावडर एकापाठोपाठ वापरू नयेत, कारण ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनियाच्या मिश्रणातून क्लोरअमाइन सुटते, तेही तितकेच घातक असते.

गंज क्षणात घालवणारी काही द्रावणे अमेरिकेत मिळतात, त्यांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते. हे आम्ल काचेलाच विरघळवते, काचेवर नक्षी कोरण्यासाठी ते त्याचमुळे वापरतात. आणि ते कातडीतून आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते. जुन्या सिंकवर त्याला जागा नाही.

काच इतकी झिजलेली असेल की शिसपेन्सिलीची रेघ कशानेच पुसत नाही, तर कोणतीही पावडर तिला पूर्ववत करणार नाही. खरे एनॅमल पुन्हा चढवायचे तर लोखंड पुन्हा सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागेल, आणि ते घरात शक्य नाही. त्यामुळे नवा मुलामा म्हणून जे काम विकले जाते ते बहुधा रंगाचा थर देण्याचे असते. हा रंग काही वर्षांनी पोपडतो आणि मग तो खरवडून काढावा लागतो. या खरवडण्यासाठी वापरले जाणारे मेथिलीन क्लोराइड हे द्रावक हवेपेक्षा जड वाफ सोडते, आंघोळीच्या टबावर हेच काम करताना ती टबात साठते आणि टबावर वाकून काम करणारा माणूस ती हुंगत राहतो. २००० ते २०११ या काळात अमेरिकेत टबांचे काम करणाऱ्या किमान १३ कामगारांचे मृत्यू या द्रावकामुळे झाल्याची नोंद रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. पर्यावरण संरक्षण संस्थेने रंग काढण्यासाठी घरगुती ग्राहकांना ते विकण्यावर २०१९ मध्ये बंदी घातली, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये ती सर्व ग्राहक-वापरांवर तसेच बहुतेक औद्योगिक व व्यावसायिक वापरांवर लागू केली. एका पांढऱ्या सिंकसाठी कुणाचा तरी श्वास असा पणाला लागत असेल, तर छिद्राभोवतीची ती करडी सावली तशीच राहू द्यावी. भांडी धुण्याच्या कामात तिची काहीच अडचण होत नाही, आणि रोज रात्री सिंक कोरडे पुसून ठेवले तर ती पसरतही नाही.